यजमान कुटुंबात राहायला जाण्याआधीची तयारी

परदेशात स्वयंसेवक म्हणून जाताना कामाची माहिती संस्था भरपूर देते. ज्या घरात तुमच्या संध्याकाळी आणि सुट्टीचे दिवस जाणार, त्या घराबद्दल मात्र अनेकदा दोनच ओळी येतात. म्हणून निघायच्या पाच-सहा आठवडे आधी संस्थेच्या तिथल्या समन्वयकाला एक सविस्तर ईमेल लिहा. घरात कोण कोण राहतं, मुलांची वयं काय, कुत्रा-मांजर आहे का, कोणी सिगारेट ओढतं का, खोली स्वतंत्र आहे की कुणाबरोबर वाटून घ्यायची, दाराला आतून कडी आहे का, कोणकोणतं जेवण घरी मिळेल, कपडे कुणी आणि कधी धुवायचे, चावी मिळेल का, रात्री किती वाजेपर्यंत परतावं लागतं, मित्रांना घरी आणलेलं चालतं का, हे सगळं एकाच वेळी विचारा. पैशाचा प्रश्नही संकोच न करता त्यातच घाला: संस्था कुटुंबाला तुमच्या राहण्या-जेवणाचे पैसे देते का, त्यात काय काय धरलेलं आहे आणि ते कधी मिळतात. हे ठाऊक नसलं की एखादा स्वयंसेवक वेगळे पैसे देऊ करतो आणि घरचे ओशाळतात. दुसरा सगळं भरलेलंच आहे असं धरून चालतो आणि जादा खर्च निमूटपणे घरच्यांवर पडतो.

स्वतःबद्दलही एक पान लिहून पाठवा. त्यात जे खाल्ल्याने त्रास होतो ते आणि जे नुसतं आवडत नाही ते, असे दोन वेगळे परिच्छेद करा. नावडत्या पदार्थांची लांबलचक यादी दिली की खरी ॲलर्जी तिच्यात हरवते आणि स्वयंपाक करणाऱ्या माणसाला सगळंच सारखं वाटतं. ॲलर्जी तीव्र असेल तर त्या देशाच्या भाषेत एक कार्ड करून घ्या: कशाची ॲलर्जी, काय होतं, काय करायचं. डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचं तयार इंजेक्शन दिलं असेल तर दोन न्या आणि ती कुठे ठेवली आहेत हे घरातल्या एका मोठ्या माणसाला पहिल्याच दिवशी दाखवा. रोजची औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट असू द्यात. तुमचं औषध त्या देशात चालतं का हेही आधीच तपासा.

भाषेची तयारी चाळीस वाक्यांची करा, पण वाक्यं प्रवाशाची नकोत, घरातली हवीत. आज मी जेवायला नाही. पोट भरलं, खरंच पुरे. हे कुठे ठेवू? मी काय करू? मला जरा पडायचं आहे. नीट कळलं नाही, पुन्हा सांगाल का? ती भाषा बोलणाऱ्या कुणाकडून ही वाक्यं रेकॉर्ड करून घ्या आणि मोठ्याने म्हणून सराव करा. भाषांतराचं ॲप ऑफलाइन चालेल असं उतरवून ठेवा, मात्र जेवणाच्या टेबलावर चारजण एकदम बोलू लागले की ते निकामी ठरतं.

सामानात तुमच्या घरच्यांचे छापलेले दहा-बारा फोटो ठेवा. भाषा अडते तिथे फोटोंवरून गप्पा निघतात. त्यात मोठं घर किंवा गाडी उठून दिसणार नाही एवढं पाहा. पत्त्यांचा एक जोड घ्या. भेटवस्तू सगळ्या घराला मिळून वापरता येईल अशी आणि बेताच्या किमतीची असावी, कारण महागडी वस्तू दिली की परतफेडीचं ओझं होतं. मांस, दूध, फळं, बियाणं यांपासूनच्या वस्तूंवर अनेक देशांच्या सीमेवर बंदी असते, तेव्हा खाऊ नेण्याआधी तिथले नियम वाचा. विजेच्या उपकरणांवरचा आकडाही वाचा. '१००–२४०' असं लिहिलेला चार्जर कुठेही चालतो, पण केस वाळवायची अनेक यंत्रं एकाच दाबावर चालतात. ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. झेपेल त्यापेक्षा जास्त दाबावर लावलेलं यंत्र जळतं आणि बरोबर घरातला फ्यूजही जाऊ शकतो.

पोहोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत घराचं वेळापत्रक समजून घ्या, विशेषतः न्हाणीघराचं. साठवणीच्या गीझरमधलं पाणी मोजकंच असतं. साध्या शॉवरखाली दहा मिनिटांत ८०–९० लिटर पाणी सहज जातं, आणि मागून येणाऱ्याला गार पाण्याने अंघोळ करावी लागते. कुणी तोंडावर बोलत नाही, पण नाराजी साचत जाते. जेवायला येणार नसाल तर स्वयंपाक सुरू होण्याआधी कळवा. एखादं ठरलेलं काम मागून घ्या, मग ते भांडी विसळण्याचं का असेना, आणि ते रोज करा. अधूनमधून मदतीचा आग्रह धरण्यापेक्षा हे घरच्यांना सोपं जातं. काही घरांत पाहुण्याने स्वयंपाकघरात आलेलं आवडत नाही. दोनदा नको म्हटलं तर थांबा.

सगळ्यात महत्त्वाचा काळ जेवणानंतरचा. पहिले काही आठवडे तासभर तरी बैठकीच्या खोलीत बसा, बोलणं कमी समजलं तरी. बंद दाराचा अर्थ राग किंवा कंटाळा असाही लावला जातो. दिवसभर परक्या भाषेत बोलून डोकं दुखतं हे खरं. त्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ स्वतःसाठी ठेवा आणि ती कोणती हे आधीच सांगा. घरी फोन करायच्या वेळाही अशाच ठरवा, कारण वेळेच्या फरकामुळे हे फोन बरेचदा मध्यरात्री होतात आणि भिंती पातळ असतात. सगळे शनिवार-रविवार इतर स्वयंसेवकांबरोबर भटकण्यात घालवू नका. कुटुंबाने काही ठरवलं असेल तर ते गुरुवारीच विचारून घ्या.

मुलांच्या बाबतीत स्वतःला सूट देऊ नका. बंद खोलीत त्यांच्याबरोबर एकटं थांबू नका, विचारल्याशिवाय बाहेर नेऊ नका आणि आईवडिलांच्या स्पष्ट परवानगीशिवाय त्यांचे फोटो कुठेही टाकू नका. खाऊ-खेळणी पालकांच्या हातात द्या.

कुणी उसने पैसे मागितले तर काय उत्तर द्यायचं हे निघण्याआधी ठरवा आणि तेच वाक्य नम्रपणे, दर वेळी सारखंच सांगा. एकदा दिलं की पुढे येणाऱ्या स्वयंसेवकाकडूनही तीच अपेक्षा राहते. खरी अडचण दिसली तर समन्वयकाशी बोला.

आवाज, जेवण, थंडी अशा छोट्या तक्रारी थेट घरच्यांशी, लवकर आणि एकेक करून बोला. नकोसा स्पर्श, धमकी, दारू पिऊन दार ठोठावणं यांपैकी काहीही घडलं तर चर्चा करत बसू नका, लगेच घर सोडा. त्यासाठी दोन रात्रींच्या भाड्याचे पैसे, पासपोर्टची प्रत आणि समन्वयकाचा चोवीस तास लागणारा नंबर कागदावर लिहून वेगळ्या पाकिटात ठेवा. फोनची बॅटरी संपली तरी कागद हाताशी राहतो.

मायदेशी परत निघायच्या आठवडाभर आधी विमानाची वेळ यजमान घरच्यांना सांगा, कारण त्यांना निरोपाचं जेवण ठरवायचं असतं. परत यायची खात्री नसेल तर तसं वचन देऊ नका, मुलांना तर मुळीच नाही, कारण ती वाट पाहतात. तिथे काढलेले फोटो छापून द्या, खोली झाडा, चादरी काढून कुठे टाकायच्या हे विचारा आणि चावी ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याच हातात द्या.