पत्रक, जाहिरात किंवा फॉरवर्ड हातात आला की तो नीट कसा वाचायचा: दावा, पुरावा आणि सजावट वेगळी करायची पद्धत

मागच्या हिवाळ्यात रावेर साईडला आप्पांकडे गेलो होतो, आप्पा म्हणजे माझे चुलत काका, तर त्यांनी पेपरसोबत आलेलं एक पत्रक माझ्यासमोर ठेवलं, केळीच्या कुठल्यातरी टॉनिकचं, आणि विचारलं घेऊ का. मी म्हटलं आप्पा आधी नीट वाचू तरी, तर म्हणे "छापेल आहे ना रे भो, उगाच छापतीन का?" ते वाक्य मला खूप लागलं. कारण हाच माणूस घड नुसता बघून अंदाजाने वजन सांगतो, व्यापारी भाव बोलला की त्यातलं खरं किती आणि हवा किती ते त्याला लगेच कळतं, मग कागदावर आलं की तीच नजर का बाजूला ठेवायची?

पत्रकात साधारण असं होतं, शब्द थोडे इकडेतिकडे असतील: "जीआय मानांकन मिळालेल्या जळगाव केळीसाठी खास! गावोगावचे शेतकरी आमच्याकडे वळले. फेब्रुवारीत एक फवारणी केली आणि महिन्याभरात बाग हत्तीसारखी डुलायला लागली. व्हायरसवर रामबाण. 40 टक्क्यांपर्यंत जास्त उत्पादन. आता तुम्हीच ठरवा, बाग वाचवायची की उपटून फेकायची? स्टॉक मर्यादित."

आम्ही दोघं ओट्यावर पेन्सिल घेऊन बसलो आणि जे केलं तेच खाली सांगतो, तुम्ही कुठल्याही लिखाणावर करू शकता, अग्रलेख असो, निवडणुकीचं पत्रक असो की फॅमिली ग्रुपवरचा औषधाचा मेसेज असो.

पहिलं काम: खुणा करा

दाव्याखाली रेघ मारा. पुराव्याला गोल करा. दावा म्हणजे "असं होतं" असं सांगणारं वाक्य, पुरावा म्हणजे ते तपासता येईल अशी माहिती, कुठल्या शेतात, किती झाडांवर, कधी, कोणी मोजलं. बाकी उरलं ती सजावट. आमच्या पत्रकात रेघा बऱ्याच झाल्या आणि गोल एकही नाही. आप्पा कागद उलटा करून मागे पण बघायला लागले, मागे फक्त फोन नंबर होता.

दुसरं काम: अलंकार ओळखा आणि साध्या शब्दात उतरवा

शाळेत शिकलेलं आठवा. 'सारखा', 'जसा', 'प्रमाणे' असं आलं की बहुतेक उपमा. 'जणू', 'वाटे', 'भासे' आलं की उत्प्रेक्षा. असा कुठलाच शब्द न वापरता एक वस्तू दुसरीच आहे असं म्हटलं की रूपक. आणि शब्दाचा सरळ अर्थ जुळतच नाही म्हणून दुसरा घ्यावा लागतो तिथे लक्षणा, "बाबा, ताटावर बसा" म्हटल्यावर कोणी खरंच ताटात जाऊन बसत नाही ना, तसं.

अलंकार वापरला म्हणजे माणूस खोटं बोलतोय असं अजिबात नाही, आपली बोली तर अलंकारांवरच चालते. फक्त एक चाचणी करायची, अलंकार काढून साधं वाक्य लिहून बघायचं. "बाग हत्तीसारखी डुलायला लागली" म्हणजे काय, तर पानं मोठी झाली, झाड जोमात आलं. बरं, ठीक आहे, हे होऊ शकतं. आता "व्हायरसवर रामबाण" उतरवा. म्हणजे व्हायरस लागलेलं झाड बरं होतं. आणि हे साध्या शब्दात लिहिल्याबरोबर आप्पाच म्हणाले की असं होत नाही. केळीवरचा सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, झाडात शिरला की त्याला बरं करणारं औषध नाही, रोगट झाड उपटून नष्ट करायचं आणि तो पसरवणाऱ्या मावा किडीचा बंदोबस्त करायचा एवढंच हातात असतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहिती. पण 'रामबाण' या एका शब्दाने ते माहिती असलेलं पण झाकून टाकलं होतं. जिथे पुरावा हवा होता तिथे अलंकार येऊन बसला की सावध व्हायचं, मला तरी या सगळ्यात हीच खूण सगळ्यात कामाची वाटते.

याची उलटी बाजू पण असते, मुद्दाम शब्दशः अर्थ घेऊन समोरच्याला खोटं पाडणं. आपल्याकडे न्यायशास्त्रात, म्हणजे कोर्टाचं नाही तर जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, याला 'छल' असा शब्द आहे, गौतमाच्या न्यायसूत्रांत त्याचे तीन प्रकार दिलेत. त्यातल्या वाक्छलाचं जुनं उदाहरण फार छान आहे. एकजण म्हणतो हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे त्याच्याकडे नवीन घोंगडी आहे, तर दुसरा म्हणतो कुठेत नऊ घोंगड्या, एकच तर दिसते! आणि उपचारछल म्हणजे कोणी म्हटलं "मचाण ओरडतंय" तर अर्थ मचाणावरची माणसं ओरडतायत, पण वाद घालणारा म्हणतो लाकूड कसं ओरडेल. आजच्या राजकीय पोस्टींमध्ये हे दोन्ही भरपूर सापडतात, शोधून बघा.

तिसरं काम: युक्तिवादाची जोड तपासा

'म्हणून', 'कारण', 'त्यामुळे' या शब्दांपाशी थांबा. कधी हे शब्द लिहिलेले नसतात पण वाचताना आपणच मनात घालतो. "फेब्रुवारीत फवारणी केली आणि महिन्याभरात बाग डुलायला लागली", यात 'म्हणून' कुठेच नाही पण आप्पांनी तो वाचला होता. खरं तर आपल्याकडच्या थंडीत केळीची वाढ मंदावते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन वाढायला लागलं की झाड आपोआप वेग घेतं, तुम्ही काही फवारा नाहीतर नका फवारू. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. काकतालीय न्याय म्हणतात तो हाच, आणि औषधाच्या, ताईत-दोऱ्याच्या, सरकारी योजनांच्या श्रेयाच्या बहुतेक गोष्टी याच्यावरच उभ्या असतात. आधी ते झालं, नंतर हे झालं, एवढ्यावर कारण ठरत नाही. ते केलं नसतं तर काय झालं असतं, हा प्रश्न विचारायचाच.

मग "जीआय मानांकन मिळालेल्या केळीसाठी". जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, एखाद्या भागातल्या खास मालाला मिळणारी ओळख. जळगावच्या केळीला 2016 साली ते मिळालं हे खरंच आहे, पण ते केळीला मिळालं, बाटलीला नाही. दुसऱ्याची इज्जत शेजारी उभं राहून आपल्या नावावर घ्यायची, असं हे. डॉक्टरचा पांढरा कोट घातलेला फोटो बघितला की हेच आठवा.

"गावोगावचे शेतकरी वळले" ही गर्दीची साक्ष, किती गावं, किती शेतकरी ते नाही. "वाचवायची की उपटायची" यात दोनच वाटा दाखवल्यात, तिसरी, म्हणजे आहे तसं खतपाणी आणि फवारणी चालू ठेवायची, ती गायब.

आमच्या कागदात नव्हते पण तुम्हाला रोज भेटतील असे अजून दोन-तीन. बुजगावणं: समोरचा जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालायचं आणि मग त्या बुजगावण्याशी कुस्ती जिंकायची. माणसावर घसरणं: "त्याला काय कळतं, तो तर मास्तर", मुद्द्याला उत्तर नाहीच. आणि साध्यसम, हा पण न्यायशास्त्रातलाच शब्द, जे सिद्ध करायचंय तितकंच शंकास्पद दुसरं काहीतरी पुरावा म्हणून पुढे करायचं, "आमचा माल उत्तम, कारण आमचा दर्जा उत्तम". शितावरून भाताची परीक्षा करता येते ती एकाच पातेल्यातला भात असतो म्हणून, एका गावातल्या एका बागेवरून सगळ्या तालुक्याचं ठरवायला सगळ्या जमिनी एका पातेल्यात शिजलेल्या नाहीत.

चौथं काम: घाई आणि भीती कुठून आली ते बघा

'मर्यादित', 'आजच', 'नंतर पस्तावाल', हे शब्द विचार करायचा वेळ काढून घेतात. 'पर्यंत' हा छोटा शब्द विशेष बघा, "40 टक्क्यांपर्यंत" मध्ये 2 टक्के पण बसतात आणि शून्य पण. टक्केवारी दिसली की विचारा कशाच्या किती, जास्त म्हणजे कशापेक्षा जास्त.

एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा, युक्तिवाद फसवा निघाला म्हणजे दावा खोटाच असं धरून चालू नका. टॉनिकमध्ये काही अन्नद्रव्यं असतील, थोडा फायदा होतही असेल, पत्रकाने ते दाखवलं नाही एवढंच आपल्याला कळलं. म्हणून आप्पांनी त्या नंबरवर फोन लावला आणि एकच विचारलं, ज्या बागेत फवारलं तिथेच बाजूच्या न फवारलेल्या रांगेतला घड किती किलोचा भरला? तिकडून आधी वर्णन सुरू झालं, मग स्कीम सांगितली, किलो काही सांगितले नाही. शेवटी आप्पांनी एकच बाटली आणली, 20 झाडांवर मारली, लगतच्या 20 झाडांना खतपाणी सगळं सारखं ठेवून फवारणी तेवढी केली नाही आणि दोन्हीकडच्या झाडांना वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधल्या. घड कापणीला आले की काट्यावर वजन करून वहीत लिहायचं ठरलंय.