स्टॅबिलायझरशिवाय सोन्याचे नॅनोकण: लाल द्रावण निळं पडत असेल तर

लेझर अ‍ॅब्लेशनने पाण्यात सोन्याचे नॅनोकण बनवतोय, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या सोन्याच्या तुकड्यावर (टार्गेटवर) लेझर मारून. सिट्रेट, पीव्हीपी असं कणांना एकमेकांना चिकटू न देणारं स्टॅबिलायझर काहीही नाही. द्रावण सुरुवातीला छान लाल, प्रकाश शोषणाचं शिखर ५२० नॅनोमीटरजवळ. रात्रभरात जांभळं-निळं, ६५० च्या पुढे फुगवटा आणि तळाशी गाळ. सोनिकेशन (अल्ट्रासाउंडने हलवणं), लेझरची ऊर्जा कमी करणं, नवं टार्गेट, सगळं करून झालं. अक्षरशः वैताग आला होता.

शेवटी चाललेला क्रम असा. काचसामान ॲक्वा रेजियाने, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने, धुतलं (फ्यूम हूडमध्येच, आणि हे मिश्रण कधीही झाकण लावून ठेवू नका), मग १८.२ मेगाओहम-सेंमीच्या अतिशुद्ध पाण्याने पुन्हापुन्हा खळबळलं. पाणी त्याच वेळी ताजं काढलं. उघडं राहिलेलं पाणी कार्बन डायऑक्साइड शोषून पीएच ५.६ च्या आसपास येतं. त्यात ०.१ मिलीमोलर सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे पीएच साधारण १०. हे अ‍ॅब्लेशनच्या आधीच घालायचं. मग टार्गेट बुडवून, द्रावण सतत ढवळत १०६४ नॅनोमीटरचा लेझर.

कणांच्या पृष्ठभागावर थोडं ऑक्सिडीकरण झालेलं असतं. अल्कलीत तिथले हायड्रॉक्सिल गट प्रोटॉन सोडतात, ऋणभार वाढतो आणि कण एकमेकांना दूर ढकलतात. अल्कली जास्त घालायचा मोह मात्र नको: आयन वाढले की तेच प्रतिकर्षण झाकलं जातं आणि पुन्हा गाळ. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जाऊ नये म्हणून बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद ठेवतो. आता शिखर ५२० वरच आहे.