फाइल आहे, पण दिसत नाही

देवगडात हापूसचा हंगाम सुरू झाला की फवारणीच्या नोंदी, पॅकिंगच्या याद्या सगळं आमच्या शेअरपॉइंटवर (फाइली एकत्र ठेवायची मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन जागा) चढतं आणि माझा फोन वाजायला लागतो: "दादा, फाइल टाकलीय म्हणतात, माका तर दिसत नाय."

अशा वेळी लगेच परवानग्या वाटत सुटू नका. आधी फाइल टाकणाऱ्याच्या स्क्रीनवर बघा. फक्त त्यालाच दिसतेय? मग ती बहुधा चेक-आउटमध्ये अडकलीय, म्हणजे त्याच्या नावावर कुलूपबंद आहे; चेक-इन केलं की ते कुलूप निघतं. लायब्ररीत (फाइली ठेवायच्या कप्प्यात) चेक-आउट सक्तीचं असेल, तर एकदाही चेक-इन न झालेली फाइल टाकणाऱ्याशिवाय कुणालाच दिसत नाही, अगदी अ‍ॅडमिनलासुद्धा. आमच्याकडे 'बाग क्रमांक' हा रकाना भरल्याशिवाय चेक-इन होत नाही, आणि घाईत तोच रिकामा राहतो. टाकणारा रजेवर असला, तर लायब्ररी सेटिंग्जमध्ये चेक-इन न झालेल्या फाइलींची यादी उघडा, ताबा स्वतःकडे घ्या, रकाना भरा, चेक-इन करा.

चेक-इन झालेली असूनही दिसत नसेल, तर लायब्ररीच्या व्हर्जनिंग सेटिंग्ज (आवृत्त्या आणि मंजुरीचे नियम) बघा. मंजुरीची अट असेल, तर मंजूर होईपर्यंत मसुदा लेखकाला आणि मंजुरी देणाऱ्यांनाच दिसू शकतो.

व्ह्यूवरचा (यादीच्या मांडणीवरचा) फिल्टरही एकदा काढून बघा.

परवानग्या सगळ्यात शेवटी. 'चेक परमिशन्स'मध्ये त्या माणसाचं नाव टाका. बऱ्याचदा कुणीतरी फोल्डरचा वारसा तोडून ठेवलेला असतो, म्हणजे लायब्ररीच्या परवानग्या त्या फोल्डरला आपोआप लागू होत नाहीत. एकेकाला वेगळी परवानगी देण्यापेक्षा गटात घाला. हंगामी माणसं जूनमध्ये गेली की तेवढीच नावं काढायची.