अमेरिकेत पीएचडीला जाताना: विविधता-निधीवर विसंबण्याआधी
दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजांतून अमेरिकेतील विद्यापीठांत पीएचडीसाठी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. जीआरई, टोफेल, शिफारसपत्रे यांची माहिती तुम्हाला असेलच. मला सांगायचे आहे ते विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर ठळकपणे झळकणाऱ्या विविधता-निधीविषयी, म्हणजे प्रतिनिधित्व कमी असलेल्या गटांतील विद्यार्थ्यांसाठीच्या अर्थसाहाय्याविषयी, कारण माझे पहिले वर्ष त्यापायीच पैशांच्या ओढाताणीत गेले.

‘स्टुडंट्स ऑफ कलर’साठी, म्हणजे गोरेतर विद्यार्थ्यांसाठी, फेलोशिप, मार्गदर्शन आणि उन्हाळी संशोधनाचे मानधन आहे, असे प्रवेशाच्या माहितीपत्रात लिहिलेले होते. मी घरातली पहिली पदवीधर, त्यामुळे हा आधार आपल्याला मिळणारच असे धरून मी खर्चाचा हिशेब मांडला. तिथे गेल्यावर कळले, की विद्यापीठे सरकारला जी आकडेवारी कळवतात, तिच्यात एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर आलेले विद्यार्थी वंशानुसार मोजलेच जात नाहीत. तो नायजेरियाचा असो, जर्मनीचा असो की नागपूरचा, त्याची नोंद परदेशी विद्यार्थ्यांच्या एकाच रकान्यात होते. अमेरिकी नागरिक असलेला भारतीय वंशाचा विद्यार्थीसुद्धा ‘एशियन’ गटात मोडतो, आणि विज्ञान शाखांत त्या गटाचे प्रतिनिधित्व कमी मानले जात नाही. जातीला तर रकानाच नाही. त्यामुळे वस्तीतल्या एका खोलीत अभ्यास करून आलेली मुलगी आणि तीन पिढ्या डॉक्टर असलेल्या घरातला मुलगा त्या कागदावर एकाच ओळीत येतात. नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकी सरकारी संस्थेची पदव्युत्तर संशोधन फेलोशिप केवळ नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी आहे. विद्यापीठांच्या स्वतःच्या अनेक योजनांनाही हीच अट असते आणि ती बहुधा नियमावलीत शेवटी दडलेली असते. आधी तेवढीच ओळ शोधा, मग उरलेले पान वाचा.

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्रवेश-प्राधान्य रद्द ठरवले. टेक्सासमध्ये सरकारी विद्यापीठांची विविधता कार्यालये १ जानेवारी २०२४ पासून कायद्याने बंद झाली आणि मिशिगन विद्यापीठाने आपले कार्यालय मार्च २०२५ मध्ये बंद केले. त्याआधी शिकून गेलेल्यांचा सल्ला प्रेमाने दिलेला असला, तरी तो पडताळल्याशिवाय स्वीकारू नका. त्याच २०२३ च्या निकालात एक वाट मोकळी ठेवलेली आहे: भेदभावाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे अर्जदार निबंधात लिहू शकतो. ते स्वतःच्या शब्दांत लिहा. पैसे घेऊन ठरावीक साच्यातली दुःखकथा लिहून देणाऱ्या सल्लागारांची मला मनस्वी चीड आहे, कारण ते आपले जगणेच आपल्यापासून हिरावून घेतात.

जातीबाबत थोडा दिलासा आहे. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये, आपल्या सर्व २३ परिसरांसाठी, भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला. मात्र संपूर्ण कॅलिफोर्निया राज्यासाठीचे जातिभेदविरोधी विधेयक राज्यपालांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नामंजूर केले, म्हणून आपल्या विद्यापीठाच्या धोरणात नेमके काय आहे ते स्वतः पाहा. विभागात भारतीय प्राध्यापक भेटले की तेच आपले पालक होतील, असेही गृहीत धरू नका. मला खरा आधार मिळाला तो कृष्णवर्णीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या गटात, जिथे पूर्वग्रहदूषित वागणुकीचा अर्थ मला कुणालाही समजावून सांगावा लागला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. ती ओळख जुनी आहे, तिच्याकडे संकोच न करता जा.

पैशांची मुख्य तजवीज घरूनच करा. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती यांचे चालू वर्षाचे नियम मुळातून वाचा. केंद्राच्या योजनेतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज यांवरील संशोधनाचे विषय वगळले गेले, त्यामुळे जातीवर संशोधन करू पाहणाऱ्यांनी अर्जाआधीच दुसरी सोय पाहावी. प्रवेश मिळाल्यावर विभागाला ईमेलने विचारा: सहाय्यकपद (शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचे वेतनी पद) किती वर्षांसाठी आहे, उन्हाळ्याचे वेतन कुणाकडून मिळते, आणि हा निधी एफ-१ विद्यार्थ्याला लागू आहे का? उत्तर लेखीच घ्या. हे विचारल्याने कुणी प्रवेश काढून घेत नाही. बहुतेक मोठी विद्यापीठे अर्थसाहाय्यासह दिलेल्या प्रवेशाला उत्तर देण्यासाठी १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. ती पूर्ण वापरा.