प्येमोंतेत वाइन शिकायला येताय? आधी टेकड्या चाला

इटलीच्या वायव्य कोपऱ्यातल्या प्येमोंते प्रदेशात वाइन आणि खाद्यसंस्कृती शिकायला निघालेली नाशिक-पुण्याकडची मुलं मला फोन करतात. विचारतात ते फी, व्हिसा आणि राहण्याच्या जागेबद्दल. ते विचारायलाच हवं. पण मला सगळ्यात कळकळीने सांगावंसं वाटतं ते वेगळं आहे. इथलं निम्मं शिक्षण वर्गाबाहेर, गावातल्या माणसांबरोबर चालताना होतं. म्हणून ही माणसं नीट निवडा.

मी निफाडची, घरची द्राक्षबाग. नाशिकजवळच्या एका वायनरीत पाहुण्यांना टेस्टिंग करवण्याचं काम केलं आणि मग पोलेंत्सोच्या खाद्यविज्ञान विद्यापीठात मास्टर्सला आले. हे विद्यापीठ २००४ मध्ये सुरू झालं, राजा कार्लो आल्बेर्तोच्या जुन्या शेतीवाड्यात. तळघरात ‘वाइन बँक’ आहे, इटलीभरच्या बाटल्या तिथे मुरत ठेवलेल्या असतात. शेजारचं ब्रा हे गाव म्हणजे स्लो फूड या, स्थानिक आणि पारंपरिक अन्न जपणाऱ्या चळवळीचं माहेर. १९८६ मध्ये रोमला स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्स उघडलं, तेव्हा इथल्याच कार्लो पेत्रिनींनी निषेधात पुढाकार घेतला. १९८९ मध्ये पॅरिसला चळवळीचा जाहीरनामा निघाला.

१९८६ हे साल इथली जुनी माणसं आणखी एका कारणाने काढतात. प्येमोंतेतल्या काही भेसळखोरांनी स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलं आणि वीसहून जास्त माणसं दगावली. इथला वाइनवाला आज स्वतःची बाग, तिचा उतार, तिथली माती एवढ्या काटेकोरपणे का सांगत बसतो, हे मला त्या घटनेबद्दल ऐकल्यावर जास्त नीट समजलं. वर्गात हा विषय एका तासात संपतो. बागेत एखाद्या आजोबांनी काढला की दुपार सरते.

आता टेकड्यांकडे. आल्बा शहराच्या भोवतीचा, तानारो नदीच्या उजव्या काठाचा भाग म्हणजे लांगे. २०१४ पासून लांगे, रोएरो आणि मोन्फेर्रातोची द्राक्षभूमी युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. बारोलो ही इथली सर्वांत नावाजलेली वाइन. ती ११ गावांच्या हद्दीतच होते, फक्त नेब्बियोलो द्राक्षांची होते, आणि किमान ३८ महिने मुरल्याशिवाय विकता येत नाही. त्यातले १८ महिने लाकडात. हे सगळं पुस्तकात मिळतं. जे मिळत नाही ते असं: बारोलोच्याच हद्दीतल्या ला मोर्रा गावाच्या बाजूला वाटाड्याने वेलीखालचं ढेकूळ उचलून माझ्या हातात दिलं, ते निळसर राखाडी होतं आणि चिमटीत सहज भुगा झालं. त्याच दिवशी पलीकडच्या सेर्रालुंगाला गेलो. तिथली माती पिवळट, वाळूच्या दगडाचे थर असलेली. संध्याकाळी दोन्हीकडच्या वाइन शेजारी-शेजारी चाखल्या. पहिली सुगंधी, लवकर मोकळी होणारी. दुसरी हिरड्यांना धरून ठेवणारी, अजून कितीतरी वर्षं थांबायला सांगणारी. हातात ते ढेकूळ आलं नसतं, तर हा फरक मी पाठ केला असता आणि परीक्षेनंतर विसरलेही असते.

सगळे येतात ते सप्टेंबर-ऑक्टोबरला, तोडणीच्या दिवसांत. माझा सल्ला, जानेवारीत एकदा तरी बागेत जा. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, अशा वर्षाला दोन. इथे थंडीत वेल पूर्ण झोपते, आणि छाटणी एकदाच. एक लांब काडी राखायची, पुढच्या वर्षासाठी दोन डोळ्यांचं खुंट ठेवायचं, बाकी सगळं कापायचं, मग ती काडी तारेवर वाकवून बांधायची. निफाडला मांडवाखाली वाढलेल्या मला एवढी क्रूर छाटणी बघवेना. छाटणी करणाऱ्या आजोबांना मी आमच्या दोन छाटण्या सांगितल्या. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि तासभर मलाच प्रश्न विचारले: वेलीला विश्रांती कधी मिळते, खोड किती वर्षं टिकतं. आपल्या गावचं ज्ञान घेऊन आलात तर इथला शेतकरी तुम्हाला पाहुणा समजत नाही, बरोबरीने बोलतो. शेतकरी घरातल्या मुलांनी हे अजिबात दडवू नये. त्याच थंडीत दक्षिणेकडच्या उतारावरचं बर्फ आधी वितळतं. जुन्या लोकांनी उत्तम नेब्बियोलोसाठी जागा अशाच हेरल्या, हेही समोर दिसतं.

वाटाडे अनेक प्रकारचे. इटलीत पर्यटक मार्गदर्शक होण्यासाठी परीक्षा आणि परवाना लागतो. किल्ले, चर्च, इतिहास यांसाठी असा परवानाधारक माणूस घ्यावा. ग्रिंझाने काव्हूरचा किल्ला अशा माणसाबरोबर बघण्यासारखा आहे. इटलीच्या एकीकरणाचा शिल्पकार काव्हूर तरुणपणी या गावचा सरपंच होता, शेतीत रमलेला. वाइनसाठी मात्र छोट्या तळघराचा मालक किंवा त्याच्या घरातलं कुणी स्वतः बाग दाखवणार असेल, तिथेच पैसे घाला. एका दिवसात चार तळघरं दाखवणाऱ्या बस सहली शिकणाऱ्याच्या कामाच्या नाहीत. दिवसाला एक बाग, एक तळघर, एक जेवण पुरे. आणखी एक वाटाड्या म्हणजे ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी सुगंधी अळंबी, शोधणारा. त्याला इथे त्रिफुलाउ म्हणतात. तो कुत्र्याला घेऊन ओक, पॉपलर, लिंडन, हेझलच्या झाडांखाली फिरतो. इटलीतली ही ट्रफल शोधण्याची परंपरा २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. पर्यटकांसाठीच्या काही फेऱ्यांत ट्रफल आधीच पुरून ठेवलेला असतो, म्हणून बुकिंगच्या वेळी स्पष्ट विचारा. खरा त्रिफुलाउ सापडण्याची हमी देत नाही, आणि तोच हवा.

खाण्यातून इतिहास कसा उलगडतो याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे बान्या काउदा. ऑलिव्ह तेलात मंद आचेवर विरघळवलेला लसूण आणि खारवलेले अँचोव्ही मासे. मातीच्या छोट्या भांड्यात, खाली मेणबत्ती, आणि त्यात बुडवायला भाज्या. समुद्र नसलेल्या प्रदेशाचा मानाचा पदार्थ माशांचा कसा? तर खालच्या लिगुरियाच्या किनाऱ्यावरून मीठ वर येई, त्याच वाटेने मासे आणि तेलही आलं, आणि माइरा खोऱ्यातले डोंगरी लोक हिवाळ्यात हे मासे गावोगाव विकत फिरत. बुडवायच्या भाज्यांत निझ्झा मोन्फेर्रातोचा कार्दो, म्हणजे आर्टिचोकच्या जातीची देठांची भाजी, हवाच. त्याचं झाड वाकवून मातीखाली गाडतात, मग देठ पांढरे आणि कोवळे होतात. ज्या बाईंच्या स्वयंपाकघरात मी हे शिकले, त्यांनी लसणाला रंग येऊ लागताच भांडं झटकन आचेवरून उचललं. तपकिरी लसूण त्यांना चालत नाही.

शाकाहारी मंडळींनी इथे नेटाने विचारावं लागतं. आन्योलोत्ती म्हणजे सारण भरून बोटांच्या चिमटीने बंद केलेला पास्ता, त्यात बहुधा मांसच असतं. तायारिनच्या बारीक शेवयांत अंड्याचे पिवळे बलक भरपूर, पण लोणी आणि सेजची पानं घालून त्या मिळतात. बऱ्याच चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असतं. हेझलनटचा केक मात्र मनसोक्त खा. याच हेझलनटवर आल्बाची, चॉकलेट बनवणारी फेर्रेरो कंपनी १९४६ मध्ये उभी राहिली. कंपनीच्या बसगाड्या टेकड्यांवरच्या गावांतून कामगार आणत-सोडत. त्यामुळे कारखान्यात नोकरी करूनही कित्येकांना शेती टिकवता आली. नाशिकच्या एमआयडीसीभोवतीची गावं पाहिलेल्याला ही गोष्ट विशेष भिडते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. विद्यापीठात काही मास्टर्स इंग्रजीतून आहेत, पण तळघरातले आजोबा इंग्रजी बोलत नाहीत, म्हणून निघण्याआधीच इटालियनची सुरुवात करा. आल्यावर आठ कामकाजी दिवसांत निवासपरवान्याचा अर्ज करावा लागतो. विद्यार्थी परवान्यावर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. छोट्या वायनरीत पाहुण्यांना वाइन वाढण्याचं काम मिळालं तर सोडू नका. टेस्टिंगला थुंकण्याचं भांडं मागायला लाजू नका, शिकणाऱ्याने थुंकावंच. ब्रा आणि आल्बापर्यंत रेल्वे आहे, पुढच्या गावांना बस कमी, रविवारी तर फारच कमी. गाडी चालवणार असाल तर रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, आणि लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. अशा वेळी ला मोर्राहून बारोलोपर्यंत बागांमधून जाणारी पायवाट धरा. उतार आहे, चांगले बूट लागतात, आणि पावसानंतर ती निळी माती तळव्याला चिकटून सुटत नाही.