ओपन टीम ब्रिज: पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

पहिल्या टीम स्पर्धेत पहिल्याच डावाला माझी फजिती झाली. चार पत्ते पडले, हात आमचा होता, आणि मेंढीकोटच्या सवयीने मी ते गोळा करायला सरसावले. समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, "राहू द्या, आपापलाच पत्ता." स्पर्धेत पत्ते मिसळत नाहीत. आपला पत्ता आपल्याच पुढ्यात पालथा ठेवायचा, हात मिळाला तर उभा, गेला तर आडवा. डाव संपला की तेराही पत्ते बोर्डाच्या (चौघांचे पत्ते ठेवायच्या चार खाचांच्या ट्रेच्या) आपल्या खाचेत परत. कारण तोच डाव जसाच्या तसा दुसऱ्या टेबलावर खेळला जाणार असतो.

टीम ब्रिजची सगळी गंमत त्या दुसऱ्या टेबलावर आहे. इथे मी आणि माझी पार्टनर समोरासमोर, नॉर्थ-साउथच्या जागी. तिकडे आमच्या टीमचे काका-काकू त्याच डावांना ईस्ट-वेस्ट. पत्ते वाईट आले म्हणून रडायची सोय नाही, कारण तेच वाईट पत्ते तिकडे प्रतिस्पर्ध्यांच्या हातात असतात. दोन्ही टेबलांच्या गुणांतला फरक काढायचा आणि तो ठरलेल्या तक्त्यावरून आयएमपीमध्ये (इंटरनॅशनल मॅच पॉइंट) बदलायचा. बोलताना सगळे 'इम्प'च म्हणतात. ३० गुणांच्या फरकाला १ इम्प, ४५० ला १०, ७०० ला १२. पुढे सामन्याच्या एकूण इम्पवरून व्हिक्टरी पॉइंट ठरतात. दोन्ही टीम मिळून २०, बरोबरी झाली तर १०-१०.

हा तक्ता पाठ नसला तरी चालेल, पण त्याचा स्वभाव कळायला हवा. मला तो सातव्या डावाने शिकवला. दोन्ही बाजू व्हल्नरेबल (म्हणजे बोनस आणि बुडण्याचा दंड दोन्ही मोठे), मी थ्री नो ट्रम्प, म्हणजे हुकूम नसलेली नऊ हातांची बोली, खेळत होते. डमीत (टेबलावर उघड्या मांडलेल्या पार्टनरच्या पत्त्यांत) किलवरचे एक्का, राजा, राणी, छक्की, तिर्री. माझ्याकडे सत्ती आणि चौकी. बाकीच्या रंगांत माझे पाच हात नक्की होते, म्हणजे किलवरचे चार हवे होते. डमीत जायला दुसरी वाट नव्हती. मी ऐटीत एक्का, राजा, राणी ओढले. बाहेरचे सहा किलवर एकाकडे चार, दुसऱ्याकडे दोन असे निघाले. चौथा हात त्यांचा, पाचवा किलवर डमीत अडकला, आणि मी एकाने बुडाले.

करायचं काय होतं? पहिला किलवर दोन्हीकडून छोटा टाकून सोडून द्यायचा. मग सत्ती हातात उरते, पुढच्या वेळी तिच्यावरून डमीत जाता येतं, आणि पत्ते तीन-तीन असोत की चार-दोन, चार हात मिळतात. सहा पत्ते बाहेर असताना ते तीन-तीन पडायची शक्यता सुमारे ३६ टक्के, चार-दोन पडायची ४८. म्हणजे एका जादा हातासाठी, १ इम्पसाठी, मी १२ इम्प पणाला लावले होते. तेही निम्म्याहून कमी शक्यतेवर!

याच तक्त्याची दुसरी बाजू बोलीत दिसते. व्हल्नरेबल असताना चार बदाम (दहा हातांची, मोठा बोनस देणारी 'गेम' बोली) बोलून केले तर ६२०. दुसऱ्या टेबलावर तीनवरच थांबून चार केले तर १७०. फरक ४५०, कमाई १० इम्प. चार बोलून एकाने बुडालो आणि तिकडे तीन होऊन १४० मिळाले, तर तोटा २४० चा, ६ इम्प. म्हणून व्हल्नरेबल गेम थोडा ओढूनताणून वाटला तरी बोलायचा. बोलताना धीट, खेळताना कंजूष. ही कसरत अंगवळणी पडायला मला दोन स्पर्धा लागल्या.

सामना संपल्यावर चौघांनी बसून आकडे जुळवायचे. काकू वाचत होत्या, "सातवा. उणे सहाशे." मी म्हटलं, "उणे शंभर." शांतता. मग काकू म्हणाल्या, "आमच्या टेबलावरच्याने पहिला किलवर सोडला होता गं," आणि पुढचा आकडा वाचला. बस. टीम निवडताना खेळाइतकंच हे बघा. अशा वेळी डाव उकरून काढणारा माणूस पुढच्या सामन्यातले आणखी २० इम्प घालवतो. चिरफाड रात्री करा. (काका-काकूंची आपसातली चिरफाड मात्र जेवणापर्यंतही थांबायची नाही, तो भाग वेगळा.)

ओपन म्हणजे वयाची, स्त्री-पुरुषाची, अनुभवाची अट नाही. त्यामुळे पहिल्याच फेरीत देशासाठी खेळलेली जोडी समोर येऊ शकते. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्ण जिंकलं तेव्हा बर्धन साठीचे होते. तेव्हा समोरच्या पांढऱ्या केसांवरून अंदाज बांधू नका. स्विस पद्धतीत जिंकणाऱ्याला जिंकणारा भेटतो, म्हणून सुरुवातीचा मोठा विजय पुढची फेरी अवघड करतो. आम्ही पहिली फेरी १७-३ ने जिंकलो आणि दुसरीत धुतले गेलो.

डायरेक्टरला, म्हणजे स्पर्धेच्या पंचाला, बोलावणं म्हणजे तक्रार नव्हे. रंग असून दुसराच पत्ता पडला, पाळी नसताना बोली झाली, की हात वर करून बोलवा आणि तो येईपर्यंत आपसात काही ठरवू नका. पार्टनर खूप वेळ विचार करून पास म्हणाली, तर त्या विचारावरून तिच्याकडे काय आहे हे ओळखून बोली लावणं नियमात बसत नाही. घरच्या ब्रिजमधली ही सवय सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

डाव हातात घेतला की पत्ते आधी मोजा, मग बघा. कन्व्हेन्शन कार्ड (आपल्या बोलींचे अर्थ लिहायचं) दोघांचं सारखं भरलेलं असू द्या, दोन प्रती. एका डावाला साधारण आठ मिनिटं मिळतात, आणि नवखे ती पहिल्या हातातच संपवतात. आणि स्वेटर न्या. एसी फुल्ल असतो, संध्याकाळच्या सामन्याला माझी बोटं इतकी गारठली होती की बिडिंग बॉक्समधून बोलीची एकाऐवजी दोन कार्डं निघत होती.