रीफ टँक: नवा पंप घेण्याआधी चिमूटभर फ्लेक टाकून बघा

वाशीच्या घरातल्या 200 लिटरच्या रीफ टँकमध्ये (खाऱ्या पाण्यात प्रवाळ आणि मासे ठेवायची टाकी) खडकामागे सारखा तपकिरी गाळ साचायचा. पाणी फिरवणारा मोठा पंप आणायला निघालोच होतो, पण नुसती जागा बदलून काम झालं.

1. ताशी प्रवाह टाकीच्या 20 ते 40 पट धरा. 200 लिटरला 4,000 ते 8,000 लिटर. एका दांडग्या पंपापेक्षा दोन लहान बरे.
2. समोरासमोरच्या काचांवर, थोडे वर-खाली लावा.
3. फ्लेक (माशांचं पातळ पापडीसारखं खाद्य) चुरून सोडा. कण जिथे घुटमळतील, तिकडे पंप जरासा वळवा. परत बघा. (मासे मध्येच फडशा पाडतात, म्हणून आधी त्यांना खाऊ घाला.)

लेदर कोरल (एक मऊ प्रवाळ) डुललं पाहिजे. एकाच अंगाला झोपलं तर धार थेट लागतेय.

वायरला सॉकेटच्या खाली झोळ ठेवा, नाहीतर खारं पाणी ओघळत थेट प्लगात.